तांब्याभर पाणी

आमच्या निसर्ग मंडळाचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. सहलीला जिथे जाऊ तिथून काहीही घरी आणायचं नाही. पीस नाही, शिंपला नाही, गारगोटी नाही, रोपटं तर नाहीच नाही. बस सुटण्यापूर्वी मी हा नियम मोठ्याने सांगतो आणि नेहमीची मंडळी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा तो माझ्याबरोबर म्हणतात. या नियमाचा मला थोडा अभिमानच होता म्हणा ना! तो अभिमान लोणारच्या धारेवर एका आजींनी कसा उतरवला, त्याची ही गोष्ट.

गोष्ट २०१९ सालची. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच दिवशी इराणमधल्या रामसर या गावी पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या निमित्ताने जवळच्या रविवारी आम्ही एखाद्या तळ्याची वाट धरतो. जायकवाडीच्या जलाशयावर बरेचदा जाऊन झालं होतं. 'या वेळी लोणार,' असं ठरलं आणि छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, पहाटे पाचला आमची बस सुटली.

एकूण एकतीस माणसं. शिक्षक, बँकेतले, एक डॉक्टर दांपत्य, कॉलेजची पाच-सहा मुलं. सगळ्यात लहान होती चौथीतली एक चुणचुणीत मुलगी आणि सगळ्यात मोठी तिची आजी. वय वर्षं चौऱ्याहत्तर. मी जरा काळजीनेच म्हटलं, "आजी, तळ्यापर्यंत उतरायचं म्हणजे चांगलाच उतार आहे. वर देवळापाशी बसलात तरी चालेल."

"भाऊ, मी दोनदा पंढरीची वारी केलीय," आजी म्हणाल्या. "तुमचं ते तळं केवढंसं?"

पुढे मी काही बोललो नाही.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळापाशी थांबलो, नमस्कार केला, चहा घेतला. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांना खुपत होता तो कोरडेपणा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. शेतात पऱ्हाट्या उभ्या, विहिरींवर मोटारी गप्प, गावागावांत टँकरची चर्चा. बसमधला एक कॉलेजकुमार म्हणालाच, "सर, तळ्यात पाणी असेल ना? नाहीतर पाणथळ दिन कोरड्यातच साजरा करायचा!"

पाणी होतं.

धार

लोणार गावाच्या कडेला जमीन एकाएकी संपते आणि समोर उघडतो एक अजस्र, जवळपास गोल खड्डा. त्याच्या काठालगतच धारेचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून गेलं, की काळ्या दगडी बांधकामात गोमुख दिसतं आणि त्यातून पाण्याची धार कुंडात पडत असते. धार म्हणजे धारच. आसपासचा मुलूख पाण्यासाठी तोंड वासून बसलेला असताना इथे ती शांतपणे पडत होती. तिला कुठून पाणी येतं, हा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. म्हणूनच ती काशीची गंगा आहे, असं श्रद्धाळू मानत आले.

मुलांना मी चिरोट्याचं उदाहरण दिलं. आपलं दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेलं आहे, चिरोट्याच्या पदरांसारखं. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि भेगाळलेला असतो, खालचा भाग घट्ट. पठारावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, घट्ट थर लागला की आडवा सरकत राहतो. आता चिरोटा मधोमध मोडला तर पदर उघडे पडतात ना? लोणारच्या खड्ड्याने पठाराचे पदर असेच मोडून उघडे केलेत. सरकत आलेलं पाणी त्या उघड्या कडेतून बाहेर पडतं. धार हा त्यातला सगळ्यात नावाजलेला झरा. रामगया, सीतान्हाणी असे आणखी झरे उतारावर आहेत. यंदाच्या उन्हाळ्यात जे पाणी गोमुखातून पडतं, ते आधीच्या पावसाळ्यांत वरच्या शेतांत आणि गावांत मुरलेलं असतं.

माझं भाषण चालू असताना आजींनी आपली कापडी पिशवी उघडली आणि आतून फिरकीचा तांब्या काढला. लख्ख घासलेला, चिंच लावून उजळलेला. त्या धारेकडे निघाल्या.

"आजी, काय करताय?"

"धारेचं पाणी घेते. देवघरात ठेवायला. माझ्या सासूबाई इथलं पाणी न्यायच्या. त्या गेल्यापासून कोणी आणलंच नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. नियम मी पहाटेच सांगितलेला. मुलांनी उचललेल्या दोन गारगोट्या मी नुकत्याच परत ठेवायला लावल्या होत्या. आता आजींना सूट दिली तर? मी शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "आजी, नियम सगळ्यांना सारखा हो. इथून काही न्यायचं नाही."

आजी क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवतील. पण त्यांनी तांब्याचं झाकण फिरवून बंद केलं, तो पिशवीत ठेवला आणि धारेला हात जोडले. नात मात्र माझ्याकडे अशी बघत होती की मीच नजर वळवली.

खड्डा कसला आणि किती जुना

धारेपासून घळीतून वाट खाली उतरते. झऱ्याचं ओघळपाणी सोबत असतं, त्यामुळे बाहेर पानगळ असली तरी या वाटेवर सावली आणि ओल असते. वानरांची टोळी फांद्यांवरून आमच्या डब्यांचा अंदाज घेत होती. मोर ओरडत होते. जागोजागी पडकी देवळं, झाडांच्या मुळांनी कवटाळलेले खांब.

हा खड्डा उल्केने झालेला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून जवळजवळ १४० मीटर खोल. पूर्वी तो ज्वालामुखीचा असावा, असंही मानलं जाई. पण इथल्या खडकांत प्रचंड आघातानेच बनू शकणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि वाद मिटला. बेसाल्ट खडकात पडलेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बेसाल्टचा, त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे इथे येतात. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार!

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली, असं पुस्तकं सांगतात. आपल्याकडे मात्र ते कधी अज्ञात नव्हतंच. ऐन-ए-अकबरीत त्याचा उल्लेख आहे. पुराणकथेत हे लवणासुराचं घर. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याला मारलं, आणि तळ्याचं खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ याच कथेवर उभं आहे. कथा रचणाऱ्याने एक गोष्ट नेमकी हेरली होती. वर गोड धार आणि खाली लवण, म्हणजे मीठ. हे कोडं त्यालाही पडलेलं होतं.

हळदीचा कागद

ते कोडं मुलांना सोडवायला लावायचं, हा माझा त्या दिवसाचा बेत होता. आदल्या रात्री मी हळद पाण्यात कालवून गाळणकागदाला लावली होती आणि वाळवून त्याच्या पट्ट्या कापल्या होत्या. हळद ही आपल्या स्वयंपाकघरातली प्रयोगशाळाच आहे. क्षार, म्हणजे चुना, सोडा, साबण लागला की ती लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर तो लाल होतो, हे घरोघरी पाहिलेलं असतं. पूर्वी कुंकू करायचे तेही हळदीला चुना आणि लिंबाचा संस्कार देऊनच.

पहिली पट्टी आम्ही वर धारेच्या ओघळात भिजवली होती. ती पिवळीच राहिली. आता उतार संपला, तशी पायांखालची जमीन मऊ झाली. झऱ्यांचं पाणी पसरून इथे एक दलदलीचा पट्टा झालेला आहे. पाणकणसं, लव्हाळी, चिखलात बेडूक, वर चतुरांच्या घिरट्या. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपूट उडवत झुडपात शिरली. धोबी पक्षी चिखलावर धावत किडे टिपत होते. इथे पट्टी भिजवली. पिवळी.

त्यापुढे हिरवळ एकदम संपली. राखाडी चिखल, त्यावर पांढरी साय धरल्यासारखे क्षार, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. मुलांनी नाकं धरली. तळ्याचं पाणी गडद हिरवं, जवळून पाहिलं तर मुगाच्या कढणासारखं. आमच्यासोबत आलेल्या स्थानिक मार्गदर्शकाला विचारून चौथीतल्या त्या मुलीने पट्टी पाण्यात बुडवली.

पट्टी लालभडक झाली.

"कुंकू!" ती ओरडली. मोठी माणसंसुद्धा वाकून बघू लागली.

तळ्याच्या पाण्याचा सामू साधारण दहाच्या घरात. अंगाला लावायच्या साबणाच्या फेसाएवढा. गोड झरे अखंड येऊन मिळत असताना हे असं का? कारण लोणारला बाहेर पडायची वाट नाही. नदी नाही, नाला नाही. तळ्यातून बाहेर जातं ते फक्त उन्हाने वर उडालेलं पाणी. झऱ्याच्या गोड पाण्यातही चिमूटभर क्षार असतात, बेसाल्टमधून विरघळून आलेले. पाणी उडून जातं, चिमूट मागे राहते. हजारो वर्षं रोज चिमूट साठत गेली तर काय होईल? मिठागर होईल. तेच झालं. जुन्या काळी इथले क्षार गोळा करून विकले जात, साबणासाठी, काचेच्या बांगड्यांसाठी. डल्ला, पपडी, भुसकी अशी त्या क्षारांच्या प्रतींची नावं होती.

अशा पाण्यात मासे टिकत नाहीत. म्हणून मासे खाणारा पक्षी इथे फारसा दिसत नाही. पण नीलहरित शेवाळ अशाच पाण्यावर पोसतं. आज औषधांच्या दुकानांत मिळणारी स्पिरुलिना त्याच घराण्यातली. आणखी कितीतरी सूक्ष्मजीव इथे आहेत. खारटपणा आणि क्षार हेच त्यांचं माहेर. त्यांच्यावर किडे आणि अळ्या, त्यांच्यावर पक्षी. दुर्बिणीतून आम्हाला टिबुकल्या दिसल्या, लांब गुलाबी पायांचे शेकाटे दिसले, थापट्या बदकं दिसली. आणि चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेली बदकांची एक जोडी अगदी काठाजवळून गेली.

"याला काय म्हणतात, काका?"

"हळदी-कुंकू."

तिला वाटलं मी पट्टीवरून थट्टा करतोय. पण त्या बदकाचं मराठी नाव खरोखरच हळदी-कुंकू आहे. मग ती पट्टी आणि तो पक्षी असं आळीपाळीने बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, वरचं गोड पाणी खूप खूप आलं, तर मग पट्टी लाल होणार नाही ना?"

"नाही होणार. पण तेवढं पाणी कुठून येणार?" मी म्हटलं. समोर दुष्काळ दिसत होता. प्रश्न हसण्यावारी नेला आणि पुढे निघालो.

डबे

कमळजादेवीच्या देवळाशी जाऊन आम्ही परतीची चढण धरली. आजी, खरं सांगतो, माझ्या पुढे होत्या. वर पोहोचेतो दोन वाजले. घरून आणलेले डबे उघडले. पोळ्या, पिठलं, ठेचा, गुळाच्या पोळ्या. वानरांपासून राखून, एकमेकांना वाढून, हसत-खिदळत जेवणं झाली. कागदाचा एक कपटाही मागे ठेवायचा नाही, म्हणून मी स्वतः पिशवी घेऊन फिरत होतो. कचरा गोळा झाला. मी समाधानाने मान वर केली आणि पाहिलं तर आजी ओघळाच्या कडेला उभ्या राहून मला बोलावत होत्या.

"भाऊ, जरा इकडे या."

गेलो. आमच्याच मंडळातले तिघे जण झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर डबे घासत बसले होते. कुणीतरी घरून भांड्यांची पावडर पुडीत बांधून आणलेली. पिठल्याचं तेल, पावडरचा फेस, सगळं मिळून पांढरट पाणी घळीतून खाली निघालं होतं. माझाही डबा त्यात होता. कुणीतरी आपुलकीने घासून देत होतं.

आजींचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुम्हीच खाली सांगितलं ना, तळ्यातून बाहेर जायला वाट नाही म्हणून? मी तांब्याभर पाणी नेलं असतं, तर धारेने ते घटकेत भरून काढलं असतं. हा फेस कोण भरून काढणार? नेणारीला अडवलंत. टाकणाऱ्यांना अडवलं नाहीत."

मला काही सुचेना. डबे घासणाऱ्यांतला एक जण उगाच म्हणाला, "आजी, एवढ्याशा फेसाने काय होतंय?"

"एवढंसंच म्हणत म्हणत ते तळं खारं झालं ना रे?" आजी म्हणाल्या. "आता हे म्हणालेच की. चिमूट चिमूट."

तळ्याचा अख्खा धडा मी एकतीस जणांना शिकवला होता. तो समजला होता एकट्या आजींना.

तिघांनी डबे तसेच ओले बांधून ठेवले. मी मात्र आजींकडून तो फिरकीचा तांब्या मागून घेतला, पायऱ्या उतरून धारेखाली धरला, काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्या काही बोलल्या नाहीत. बसमध्ये मात्र मला शेजारी बसवून घेतलं आणि पिशवीतून उरलेली गुळाची पोळी काढून दिली.

तळ्याची वही

नंतर मी लोणारबद्दल बरंच वाचलं आणि आजींचं म्हणणं शास्त्राला किती धरून आहे, ते कळत गेलं. शास्त्रज्ञांनी या तळ्याच्या तळातून गाळाचा दहा मीटर लांबीचा नमुना काढून तपासला आहे. थरावर थर बसलेल्या त्या गाळात सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाचा हिशेब मिळाला. ज्या काळात दीर्घ दुष्काळ पडले, त्या थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडतात. आटलेल्या, अति क्षारयुक्त पाण्यातच ते तयार होतात. म्हणजे हे तळं काहीच विसरत नाही. आपल्या पिढीचा थरही त्यात बसतोच आहे. त्यात साबण असेल, सांडपाणी असेल, निर्माल्य असेल.

गावाचं सांडपाणी तळ्याकडे उतरतं, ही तक्रार जुनी आहे. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. काठावर माजलेली वेडी बाभूळ हा दुसरा विषय. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला. २०२० साली रामसर यादीत त्याचं नाव आलं. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं रामसर स्थळ. त्याच २०२० च्या जूनमध्ये, सारा देश घरात बसलेला असताना, लोणारचं हिरवं पाणी एकाएकी गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. मला पहिला फोन आला तो त्या मुलीचा. "काका, तळ्याने कुंकू लावलं!"

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं. पातळी खाली गेली होती, खारटपणा वाढला होता, आणि अशा पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव वाढले होते. पाऊस आला, पाणी वाढलं आणि रंग ओसरला. तेव्हा सगळ्यांना काळजी होती ती पाणी आटण्याची.

आणि मग २०२५ साली उलट्याच बातम्या येऊ लागल्या. तळ्याची पातळी खूप चढली. कमळजादेवीच्या मंदिरात पाणी शिरलं. ज्या पाण्यात मासा जगत नाही असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, तिथे मासे दिसल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर एक निरोप होता. ती मुलगी आता कॉलेजात जाते. तिने एवढंच लिहिलं होतं, "काका, माझा प्रश्न आठवतो का?"

आठवत होता. वरचं गोड पाणी खूप खूप आलं तर?

तर पट्टी लाल होणार नाही. पाणी पातळ होईल, सामू उतरेल. आपल्या कानांना हे बरंच वाटतं. पाणी वाढलं, गोड झालं, मासे आले, वाईट काय त्यात? पण लोणारचे जीव क्षाराचे आहेत. गोड पाणी आपल्याला अमृत, त्यांना परकं. देशात गोड्या पाण्याची तळी हजारो आहेत. असं खारं तळं दुसरं नाही. एखादा चांगला पाऊस, एखादं वाईट वर्ष तळं पचवतं. त्याने हजारो वर्षं ते केलंय, वहीत तशी नोंदही आहे. पण वर पठारावर आपण बोअर खणतो, तलाव अडवतो, कालवे आणतो, गटारं सोडतो, त्याचा जमा-खर्च खाली झऱ्यांतून तळ्यात उतरतो. धार कधी बारीक होते, कधी फुगते. तळ्याची राखण काठावर कुंपण घालून पुरी होत नाही. ती वर शेतात, मोरीत आणि अंगणात सुरू होते.

त्या निरोपाला मी उत्तर दिलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर घाईचं होतं."

नियम बदलला

आमच्या मंडळाचा नियम आता बदललेला आहे. बस सुटण्यापूर्वी मी तो सांगतो तेव्हा आधी दुसरंच वाक्य येतं. जिथे जातोय तिथे काही सोडून यायचं नाही. साबण नाही, शाम्पू नाही, भांड्यांची पावडर नाही, निर्माल्य नाही, खरकटं नाही. डबे घरी जाऊन घासायचे. गारगोटी, पीस, रोपटं यांचा नियम अजूनही आहे, पण तो दुसरा. आणि वाहत्या झऱ्याचं तांब्याभर पाणी कुणाला देवघरासाठी न्यायचं असेल, तर ते मी स्वतः भरून देतो.

तुम्ही लोणारला जाणार असाल तर हिवाळ्यात जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, पक्षीही तेव्हाच. रेल्वेने यायचं तर जालना जवळचं, तिथून सिंदखेडराजामार्गे रस्ता आहे. लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्यामुळे खाण्यापिण्याची आबाळ होत नाही. सकाळी लवकर उतरायला लागा, उन्हात चढण दमवते. पाण्याची पातळी पाहून कुठवर जाता येईल ते तिथल्या वन कर्मचाऱ्यांना आणि मार्गदर्शकांना विचारा. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. आणि निघताना घरून हळदीच्या दोन पट्ट्या करून न्या. एक धारेसाठी, एक तळ्यासाठी. मुलांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त समजेल. भिजलेल्या पट्ट्या मात्र तिथे टाकू नका, घरी आणा.

आमच्याकडे २०१९ ची ती लाल पट्टी आहे. आता ती विटकरी पडली आहे. आजी एक्क्याऐंशीच्या घरात आहेत, गुडघे बोलतात, सहलीला येत नाहीत. गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा देवघरात डोकावलो. फिरकीचा तांब्या तिथेच होता, तसाच लख्ख.

"पाणी बदललंत का हो, आजी?"

"कशाला? लोणारचंच आहे," त्या म्हणाल्या. "एकादशीला पळीभर घेते. पुरवून पुरवून."

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "भाऊ, तिकडे खाली काय हाल आहेत म्हणे पाण्याचे?"

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येत्या फेब्रुवारीला नातीला घेऊन जा. ती पट्टी लाल होते का, ते मला येऊन सांगा."

जायचं ठरलंय. हळद कालवून ठेवली आहे.